छोट्या देशाचा अणुकचरा: थांबायला हरकत नाही, पण उधारीवर नको

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नेदरलँड्स म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा देश, त्यातली चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीखाली. या देशाने आपला किरणोत्सर्गी कचरा किमान शंभर वर्षं जमिनीवरच्या इमारतीत ठेवायचं ठरवलंय. ही सरळसरळ चालढकल नाही का? युरोपातले असे चार-पाच छोटे देश मिळून जमिनीखाली एकच जागा का करत नाहीत? आणि तेही जमत नसेल, तर तेलाच्या विहिरीसारखं एक खोल विवर पाडून त्यात सगळं सोडून मोकळे का होत नाहीत?

आधी उत्तरं देतो, मग कारणं. थांबण्याची चालढकल होऊ शकते, पण डच लोकांनी ती बऱ्याच अंशी होऊ दिलेली नाही. सामायिक जागेची कल्पना कागदावर झकास आहे, फक्त यजमान व्हायला कुणी तयार नाही. खोल विवर एखाद-दुसऱ्या देशाला खरंच उपयोगी पडेल, पण नेदरलँड्सचा प्रश्न त्याने सुटत नाही. माझं बरंचसं काम कचऱ्याचं पॅकेजिंग आणि दीर्घकालीन सुरक्षिततेची आकडेमोड यांत गेलंय, त्यामुळे पुढच्या लिखाणात राजकारणापेक्षा ड्रम आणि हिशोब जास्त दिसले तर समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे इथे देश छोटा की मोठा हे लोकसंख्येवरून ठरत नाही. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, नेदरलँड्सच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तरीही ओल्किलुओटोला ४३० मीटर खोल खडकात त्यांनी कचऱ्यासाठी बोगदे खणले. कारण त्यांच्याकडे पाच अणुभट्ट्या आहेत, कचरा भरपूर आहे आणि पायाखाली सुमारे १९० कोटी वर्षं जुना खडक आहे. त्यांच्या सरकारने १९८३ मध्येच वेळापत्रक आखलं होतं की जागेची निवड २००० पर्यंत व्हावी, आणि ती त्याच सुमारास झाली. नेदरलँड्सकडे वीज देणारी अणुभट्टी आज एकच आहे, झीलंड प्रांतातली बोर्सेलेची. १९७३ पासून चालू, सुमारे ४८५ मेगावॉटची. डोडेवार्डची छोटी भट्टी १९९७ मध्ये बंद झाली. याखेरीज पेटनची संशोधन अणुभट्टी आहे, जिथून युरोपातल्या रुग्णालयांना लागणारी समस्थानिकं मोठ्या प्रमाणात जातात. डेल्फ्टच्या विद्यापीठात एक भट्टी आहे, आणि आल्मेलोला युरेन्कोचा युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना. बाकी मग रुग्णालयांतले हातमोजे, सिरिंजा, प्रयोगशाळांतला चिंध्या-काचांचा माल, कारखान्यांतली जुनी मोजणी यंत्रं.

हे सगळं एकाच दारात येतं. त्या संस्थेचं नाव कोव्हरा. १९८२ साली स्थापन झाली, आता पूर्णपणे सरकारी मालकीची. त्याआधी हा देश आपला कमी पातळीचा कचरा ड्रममध्ये भरून अटलांटिक महासागरात बुडवत असे. ब्रिटन, बेल्जियम, स्वित्झर्लंडही तेच करत. १९८३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय स्थगिती आली आणि १९९३ मध्ये कायमची बंदी.

आता छोटेपणाची खरी अडचण. विहीर खोदायचा खर्च घागरी किती भरायच्या यावर ठरत नाही. भूमिगत विल्हेवाटीचंही तसंच आहे. भूगर्भाचा अभ्यास, चाचणीची विवरं, खाली उतरायचे शाफ्ट, वायुवीजन, सुरक्षिततेची कागदपत्रं, परवाने, तपासणी करणारी यंत्रणा, या साऱ्याला कचऱ्याचे शंभर डबे असोत की दहा हजार, खर्च जवळपास सारखाच. बोगदे तेवढे कमी-जास्त होतात. वीस-पंचवीस भट्ट्यांचा देश हा खर्च कित्येक दशकांच्या वीजबिलांत मुरवून टाकतो. एका भट्टीच्या देशात तोच बोजा मोजक्या युनिटांवर येतो. शिवाय कचरा हळूहळू जमत असतो. आज खाणकाम करून जागा तयार केली, तर ती अर्धी रिकामी ठेवून पंप आणि पंखे दशकानुदशके चालवत बसावं लागेल. १९८४ च्या डच धोरणामागचं आर्थिक तर्कशास्त्र हेच आहे: कचरा साठू द्या, पैसा वाढू द्या, दोन्ही पुरेसे झाले की खणा.

दुसरं कारण भौतिकशास्त्राचं आहे, आणि ते समजायला बोर्सेलेजवळच्या त्या इमारतीत जाऊन यायला हवं. तिला हाबोग म्हणतात. २००३ मध्ये राणी बिआट्रिक्सच्या हस्ते उद्घाटन झालं. बाहेरून भडक नारिंगी, त्यावर हिरव्या अक्षरांत आइन्स्टाइनचं वस्तुमान-ऊर्जेचं समीकरण. विल्यम फर्स्ट्राटन या कलावंताने इमारतीचं रंगकामच कलाकृती करून टाकलं: दर वीस वर्षांनी नारिंगी रंग एकेक छटा फिका करत न्यायचा आणि शंभर वर्षांनी इमारत पांढरी करायची, म्हणजे आतली उष्णता उतरत चालल्याचं बाहेरून दिसेल. सुरुवातीला मला हे जाहिरातबाजीचं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की दर वीस वर्षांनी कुणालातरी रंगाचं टेंडर काढावं लागेल, आणि ते काढताना आत काय आहे, का आहे, हे विचारावं लागेल. संस्थेची स्मरणशक्ती जागी ठेवायचा याहून स्वस्त उपाय मी पाहिलेला नाही.

आतल्या भिंती १.७ मीटर जाडीच्या काँक्रीटच्या. पूर, भूकंप, विमान कोसळणं हे सगळं आराखड्यात धरलेलं. बोर्सेलेचं वापरलेलं इंधन फ्रान्समधल्या ला हागला पुनर्प्रक्रियेसाठी, म्हणजे त्यातलं पुन्हा वापरता येणारं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायला जातं आणि परत येतो तो उरलेला उच्च पातळीचा कचरा, काचेत वितळवून गोठवलेला. एक डबा म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाचा, १.३४ मीटर उंचीचा स्टेनलेस स्टीलचा नळकांडा, आत साधारण ४०० किलो काच. उंचीला शाळकरी पोराएवढा, पण त्याच्या शेजारी विनाकवच काही मिनिटं उभं राहणंसुद्धा जिवावर बेतेल. हे डबे काँक्रीटमधल्या उभ्या विहिरींत एकावर एक रचतात. विहिरींच्या बाहेरून हवा खालून वर जाते, डब्यांच्या उष्णतेने तापून आपोआप. पंखा नाही, पंप नाही, म्हणजे वीज गेली तरी थंड होणं चालूच राहतं. आपल्या तारापूरला काचेत गोठवलेल्या कचऱ्यासाठी जे कोठार आहे तेही याच तत्त्वावर चालतं. तिथे उंच धुराड्याने हवेचा ओढा तयार केलाय. नैसर्गिक अभिसरण ही आमच्या धंद्यातली सर्वांत भरवशाची यंत्रणा, कारण ती बंद पडायला काही नाहीच.

त्या काचेतली सुरुवातीची उष्णता मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची. दोघांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास. म्हणजे शंभर वर्षांत ते दहा टक्क्यांवर येतात, तीनशे वर्षांत हजारातल्या एका भागावर. थंड झालेले डबे जमिनीखाली जवळजवळ ठेवता येतात. गरम डबे लांब लांब ठेवावे लागतात, नाहीतर भोवतालची माती भाजून निघते. बोगद्याची लांबी कमी म्हणजे खर्च कमी. तेव्हा शंभर वर्षं थांबण्यात आळसाइतकाच अभियांत्रिकीचा फायदाही आहे.

पण इथे एक फसवणूक होते आणि ती सगळीकडे ऐकू येते: थांबलं की कचरा निरुपद्रवी होतो. नाही होत. उष्णता उतरते, बाहेरचा मारा उतरतो, पण आयोडीन-१२९ चं अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षं आहे, नेपच्युनियम-२३७ चं २१ लाख. त्यांच्यासाठी शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. इमारत हा विल्हेवाटीचा पर्याय नव्हे, विल्हेवाटीच्या आधीचा थांबा आहे.

आता पैसा. मला विचाराल तर छोट्या देशाच्या योजनेचा कणा इथेच आहे, आणि बहुतेक चर्चांत याच्यावर दोन वाक्यंही खर्च होत नाहीत. कोव्हराकडे कचरा देणारा एकदाच शुल्क भरतो. त्या क्षणी कचऱ्याची मालकी आणि पुढची सगळी जबाबदारी कोव्हराची होते. शुल्कात प्रक्रिया, शंभर वर्षांची साठवण आणि शेवटची भूमिगत विल्हेवाट, तिन्ही धरलेलं असतं. विल्हेवाटीचा भाग वेगळ्या निधीत जातो आणि तो वाढत राहील असं गृहीत आहे. उद्या एखादं रुग्णालय बंद पडलं, कंपनी दिवाळखोर झाली, तरी त्यांच्या ड्रमचा पैसा आधीच आलेला असतो. प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे तत्त्व सगळेच सांगतात. भरायचं कधी, हे इथे नीट ठरवलंय.

ओपेरा या डच संशोधन कार्यक्रमाने चिकणमातीच्या थरातल्या भूमिगत जागेचा खर्च सुमारे २०० कोटी युरो काढला. आता तुम्हीच कागद-पेन्सिल घ्या. महागाई वजा जाता २.३ टक्के परतावा मिळतो असं धरलं, तर शंभर वर्षांत रक्कम जवळपास पावणेदहा पट होते. म्हणजे आज २१ कोटींच्या आसपास बाजूला ठेवले की काम झालं. परतावा १ टक्का धरा, रक्कम पावणेतीन पटीच्या आत राहते, आणि आज ७४ कोटी लागतात. कचरा तोच, खड्डा तोच, पण एका टक्केवारीच्या गृहीतकाने आजचं बिल साडेतीन पट झालं. २०१९ मध्ये डच सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा शून्याखाली गेला होता. अशा काळात २.३ टक्के लिहिणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे. पुढे शंभर वर्षांत व्याजदर वरखाली होतीलच, पण मधल्या एखाद्या अर्थमंत्र्याने अडचणीच्या वर्षी त्या निधीकडे पाहिलं तर काय, हा प्रश्न व्याजदरापेक्षा मोठा आहे. म्हणून कुठल्याही छोट्या देशाचा आराखडा माझ्यासमोर आला की मी नकाशाच्या आधी तीन गोष्टी बघतो: पैसा कुणाच्या नावावर आहे, तो दुसरीकडे वळवायला कायद्याची किती कुलपं उघडावी लागतील, आणि परताव्याचं गृहीतक दर किती वर्षांनी तपासलं जातं. या तिन्हींची उत्तरं गुळमुळीत असतील तर शंभर वर्षांचं धोरण म्हणजे नातवंडांच्या नावावर काढलेलं कर्ज.

डच लोक या शहाणपणाला आपणहून आले असं मात्र नाही, त्यांना तिथे ढकललं गेलं. १९७६ साली सरकारने ईशान्येकडच्या ग्रोनिंगन आणि ड्रेंथ प्रांतांतल्या मिठाच्या घुमटांमध्ये (जमिनीखाली घुमटासारखे वर आलेले मिठाचे साठे) चाचणीची विवरं पाडायची घोषणा केली. गासेल्टे, पीटरब्युरेन, ऑन्स्ट्वेडे ही नावं त्या यादीत होती. गावकऱ्यांना आधी विश्वासात घेतलं नव्हतं. पत्र गेलं, बातमी आली, आणि लोक रस्त्यावर. विवर एकही पडलं नाही. त्या भागात हा विषय आजही जपून काढावा लागतो. त्यात पुढे ग्रोनिंगनच्या वायुउत्खननामुळे घरांना तडे गेले. जमिनीखालचं काहीही सुरक्षित आहे असं सरकारने म्हटलं की तिथे लोक भिंतीकडे बोट दाखवतात. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतील की वायूचं क्षेत्र वेगळं, मिठाचा घुमट वेगळा. बरोबर आहे. पण ज्याच्या घराला टेकू लावलाय त्याला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

शेजारच्या जर्मनीतल्या आस्से खाणीने उरलासुरला विश्वास घालवला. जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सव्वा लाखाच्या वर ड्रम ठेवले, काही कक्षांत तर यंत्राने वरून ओतले. पुढे खाणीत पाणी झिरपायला लागलं, रोज सुमारे १२ हजार लिटर. २०१३ मध्ये जर्मन संसदेने कायदा करून तो कचरा परत वर काढायचं ठरवलं. काम अवाढव्य आहे. नेदरलँड्सने १९९३ मध्येच अट घातली होती की जमिनीखाली ठेवलेला कचरा परत काढता आला पाहिजे, आणि आस्सेकडे पाहिलं की ही अट शहाणपणाची वाटते. तरी मला तिच्याबद्दल थोडी शंका आहे. परत काढता यावा म्हणून बोगदे उघडे ठेवले तर पाणी, ऑक्सिजन आणि माणूस या तिघांनाही वाट उघडी राहते. मिठात तर ते जमतच नाही, कारण दाबाखाली मीठ हळूहळू सरकून पोकळी बुजवतं, आणि तोच त्याचा गुण आहे. माझ्या मते काही दशकं परत काढायची सोय ठेवावी, मग बुजवावं, आणि बुजवायची तारीख आधीच लिहून ठेवावी.

भूगर्भाकडे वळतो, थोडक्यात. नेदरलँड्सकडे ग्रॅनाइट नाही. आहे ती चिकणमाती आणि मीठ. चिकणमातीचा तो थर सुमारे तीन कोटी वर्षं जुना. बेल्जियममध्ये मोल इथे त्याच थरात २२५ मीटर खोलीवर १९८० पासून प्रयोगशाळा आहे, त्यामुळे त्याची माहिती भरपूर. या मातीतून पाणी वाहत नाही म्हटलं तरी चालेल. जे काही हलतं ते विसरणाने, रेणूरेणूने. धन भार असलेली मूलद्रव्यं मातीच्या कणांना चिकटून बसतात. आयोडीन आणि सेलेनियम मात्र ऋण भाराचे, मातीला ते नको असतात, म्हणून सुरक्षिततेच्या गणितात शेवटी तेच वर येतात. तरीही काही डझन मीटर माती ओलांडायला त्यांना लाखभर वर्षांच्या हिशोबातला काळ लागतो.

मग ओपेराने ५०० मीटर खोली का धरली, २२५ का नाही? एक मोठं कारण हिमयुग. देशाच्या उत्तर भागात जुन्या हिमनद्यांखालच्या पाण्याने कोरलेल्या दऱ्या आज वाळू-गाळाने भरून जमिनीखाली दडलेल्या आहेत, काही ठिकाणी चारशे मीटरपर्यंत खोल. पुढच्या लाखभर वर्षांत बर्फ पुन्हा आलं तर ते पुन्हा कोरणार. सपाट, पाणथळ, ट्युलिपच्या देशात कचऱ्याची खोली बर्फ ठरवतं, हे मला या धंद्यातलं सर्वांत आवडतं सत्य आहे.

आता एक कचरा ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही: आल्मेलोचं उरलेलं, क्षीण झालेलं युरेनियम, म्हणजे समृद्धीकरणात उपयोगी भाग काढून घेतल्यावर मागे राहतं ते. ते ऑक्साइडच्या भुकटीच्या रूपात कोव्हराकडे पेट्यांत साठतंय. आज हाताळायला तुलनेने सोपं, उष्णता जवळपास नाही, म्हणून वर्तमानपत्रात येत नाही. पण आकारमानाने भूमिगत जागेतला फार मोठा वाटा त्याचा असेल. आणि त्याची तऱ्हा उलटी आहे. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षं, तेव्हा ते कमी होणार नाहीच. वर शुद्धीकरणात रेडियमसारखे त्याचे वंशज निघून गेलेले असतात, ते हळूहळू पुन्हा तयार होतात. म्हणजे हा कचरा लाखो वर्षं अधिकाधिक किरणोत्सर्गी होत जातो. वाट पाहिली की काम सोपं होतं, या सगळ्या मांडणीला तो एकटा छेद देतो. तो पुढे इंधन म्हणून वापरला जाईल, अशी आशा धरून काही देश त्याला कचऱ्यात मोजतच नाहीत. डच लोक मोजतात. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण.

सामायिक जागेचा प्रश्न. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाप्रमाणे प्रत्येक देशाला स्वतःचा कार्यक्रम लागतोच. देशांनी एकमेकांशी करार करून सामायिक जागा वापरायला मुभा आहे, पण अंतिम जबाबदारी ज्याचा कचरा त्याची. एर्डो नावाची संघटना याच विचाराने उभी राहिली. नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्लोव्हेनिया वगैरे देशांच्या कचरा-संस्था त्यात आहेत. काम चांगलं आहे, तांत्रिक देवाणघेवाण खरी आहे. फक्त सगळ्यांना पाहुणा व्हायचंय. ज्यांच्याकडे उत्तम खडक आणि तयार बोगदे आहेत त्या फिनलंडने परदेशी कचरा आणायला १९९४ मध्येच कायद्याने बंदी घातली. आणि त्यात त्यांचं शहाणपण होतं: ओल्किलुओटोच्या लोकांना ‘फक्त आपलाच’ असं वचन देता आलं म्हणून ते तयार झाले.

ऑस्ट्रेलियाचे दोन अनुभव बघा. १९९० च्या दशकात पँजिया नावाच्या कंपनीने जगभरचा कचरा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आणायचा घाट घातला. १९९८ मध्ये त्यांची प्रचारफीत फुटली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने बंदीचा कायदा केला. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने पुन्हा तीच शिफारस केली, भरघोस उत्पन्नाचे आकडे दाखवले. सरकारने सामान्य नागरिकांची मोठी समिती बसवली, आणि तिच्या दोन-तृतीयांश लोकांनी स्पष्ट नकार दिला. पैशाने होकार विकत मिळत नाही, असं नाही म्हणत मी. स्लोव्हेनियात जागा देणाऱ्या गावांना भरपाई मिळते आणि त्याने फरक पडला. पण दुसऱ्याच्या कचऱ्याचा दर गावकऱ्यांच्या मनात वेगळाच असतो.

स्लोव्हेनियाचीच गोष्ट सांगतो, कारण तिथे दोन देशांची भागीदारी आधीपासून आहे. क्रश्कोची अणुभट्टी युगोस्लाव्हियाच्या काळात बांधली गेली, देश फुटला, भट्टी स्लोव्हेनियात राहिली, मालकी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाची निम्मी-निम्मी. २००१ च्या करारात कचराही निम्मा-निम्मा. याहून सोयीची भागीदारी जगात कुठे असेल? तरी कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्याची एकत्र जागा ठरली नाही. स्लोव्हेनिया भट्टीशेजारी व्र्बिना इथे करतोय. क्रोएशियाने आपला निम्मा ठेवण्यासाठी चेर्केझोव्हात्स ही जुनी लष्करी कोठारं निवडली, बॉस्नियाच्या सीमेला लागून, आणि नदीपलीकडचे बॉस्नियातले लोक चिडलेत. एक भट्टी, दोन जागा आणि भांडायला तिसरा देश. म्हणून माझा सल्ला असा की सामायिक जागेसाठी बोलणी जरूर चालू ठेवावीत, पण निधीचा हिशोब ती कधीच होणार नाही असं धरून करावा. डच लोक साधारण तसंच करतात, दोन्ही रस्ते चालू. हिशोबात स्वस्त रस्ता धरून बसले नाहीत हे महत्त्वाचं.

कागदपत्रांबद्दल न लिहिता पुढे गेलो तर माझे सहकारी मला सोडणार नाहीत. कोव्हरात कमी पातळीचा कचरा दाबयंत्राखाली चपटा करून २०० लिटरच्या ड्रममध्ये काँक्रीटने बंद करतात. शंभर वर्षांनी तो ड्रम उघडणारा कुणी जन्मालाही आलेला नाही. त्याला आत काय आहे हे कळण्याचा मार्ग आजची नोंद, एवढाच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, मिठातल्या ६५५ मीटर खोल जागेत, २०१४ च्या फेब्रुवारीत एक ड्रम आतून तापून फुटला. कारण काय, तर नायट्रेट असलेल्या कचऱ्यात ओल शोषायला खनिजाऐवजी धान्यापासून केलेली, मांजरांसाठी विकली जाणारी शोषक भुकटी घातली होती. कार्यपद्धतीच्या कागदात शब्द बदलला गेला आणि कुणी हटकलं नाही. जागा जवळपास तीन वर्षं बंद राहिली. भूगर्भ ठीक होता, शाफ्ट ठीक होते. छोट्या देशात या कामाचे जाणकार मोजके असतात. दोघे निवृत्त झाले की ‘त्या ड्रममध्ये काय होतं’ हे माहीत असणारी पिढीच संपते. पेटनच्या आवारातला जुना कचरा पुन्हा वर्गवारी करून, पुन्हा पॅक करून पाठवायला किती सायास पडले, ते पाहिलं की आजचं लेबल नीट लिहिणाऱ्या माणसाचा पगार वाढवावासा वाटतो.

शेवटचा प्रश्न, खोल विवराचा. इथे डेन्मार्क आणि नॉर्वे बघायला हवेत. डेन्मार्कने १९८५ मध्ये अणुवीज नको असं ठरवलं, तरी रिसोच्या संशोधन केंद्रातल्या तीन भट्ट्यांचा कचरा त्यांच्या गळ्यात आहेच. त्यात २३३ किलो वापरलेल्या इंधनाचा प्रायोगिक माल. बाकीचा कचरा काही हजार घनमीटर, बहुतांश हलका. आधी कमी खोलीच्या जागेसाठी सहा ठिकाणं काढली, बोर्नहोम बेटासकट. सगळीकडून ओरड झाली. २०१८ मध्ये संसदेने पवित्रा बदलला: फार तर २०७३ पर्यंत साठवण, तोवर खोल जागेचा शोध. नॉर्वेकडे हाल्डेन आणि शेलरच्या बंद पडलेल्या संशोधन भट्ट्यांचं सुमारे १७ टन वापरलेलं इंधन आहे, त्यातलं काही धातुरूप युरेनियमचं, जे जमिनीत तसंच ठेवणं धोक्याचं. अशा मूठभर, पण जहाल कचऱ्यासाठी हजारभर मीटरचं अरुंद विवर पाडून तळाशी ठेवायचं आणि वरून बुजवायचं, ही कल्पना मला पटते. माणसाला खाली उतरावंच लागत नाही, त्यामुळे वायुवीजन, आधार, शाफ्ट यांचा खर्च गळतो. अडचणी आहेत: डबा मध्येच अडकला तर काय, आणि परत काढणं जवळपास अशक्य. अजून एकाही देशाने उच्च पातळीचा कचरा अशा विवरात कायमचा ठेवलेला नाही. पहिला नंबर आपला नको, असं प्रत्येकाला वाटतं.

नेदरलँड्सला मात्र विवराने फारसा दिलासा नाही. काचेचे डबे मापाने कदाचित बसतील. पण काँक्रीटचे हजारो ड्रम आणि युरेनियम ऑक्साइडच्या पेट्या विवरात जाणार नाहीत, त्यांना बोगदे लागतीलच. आणि बोगदे खणायचेच तर डबेही तिथेच ठेवावेत. शिवाय परत काढता यायची अट आड येते.

सध्याच्या आखणीप्रमाणे डच जागा २१३० च्या आसपास सुरू व्हायची आहे, निर्णय २१०० च्या सुमारास. आता तिथे नव्या मोठ्या भट्ट्या बांधायची तयारी चाललीय, आणि त्याने वरचा सगळा हिशोब हलतो. कचरा वाढला की स्थिर खर्च जास्त युनिटांवर पसरतो, आणि शंभर वर्षं थांबायचं आर्थिक कारण दुबळं होतं. निर्णय अलीकडे आणायला मग जागा होते. नव्या भट्ट्यांचे करार होतील तेव्हा मी सगळ्यात आधी एकच कलम शोधेन: वापरलेलं इंधन ला हागला पाठवून काचेचे डबे परत घेणार, की इंधनाच्या जुड्या तशाच ठेवणार? डबा दीड मीटरही नाही, जुडी चार मीटरच्या वर. हाबोगच्या विहिरी, शाफ्टची लिफ्ट, बोगद्याची रुंदी, डब्यांतलं अंतर, सगळं त्या एका उत्तरावर ठरणार, आणि कोव्हराने आज लावलेला दर पुरेसा आहे की नाही तेही.